कच्चे टाके

[संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारे छोटे प्रोग्रॅम असतात. असा प्रोग्रॅम तयार करताना तपासणीसाठी काही जादा ओळी घालाव्या लागतात. काम झाल्यावर त्या ओळी का काढायच्या, कोणत्या ठेवायच्या आणि काढताना कोणती काळजी घ्यायची, याची माहिती या पाठात दिली आहे.]



तुम्ही कधी शिंप्याच्या दुकानात बसून त्याचे काम पाहिले आहे का? कापड बेतले की शिंपी लगेच मशीनवर बसत नाही. आधी तो खडूने खुणा करतो. मग पांढऱ्या दोऱ्याने मोठे, सैल टाके घालून कापडाचे तुकडे एकमेकांना जोडतो. यांना कच्चे टाके म्हणतात. कपडा अंगाला नीट बसतो की नाही, हे या टाक्यांमुळे कळते. नंतर पक्की शिलाई होते. शेवटी शिंपी कच्चे टाके उसवून काढतो, खडूच्या खुणा झटकतो आणि मगच कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देतो.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारेही असेच कच्चे टाके घालतात. पण ते काढायला कधी कधी विसरतात. मग काय होते, ते आज आपण पाहू. त्याआधी मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या मराठीच्या चाचणीची प्रश्नपत्रिका तयार करत होते. ‘योग्य पर्याय निवडा’ या प्रश्नात वीस शब्द होते. प्रत्येक ठिकाणी बरोबर पर्याय एकच आहे ना, हे तपासण्यासाठी मी बरोबर पर्यायाच्या डोक्यावर एक बारीकसा ठिपका दिला. तपासणी संपली, पण ठिपके पुसायचे राहिले. त्याच कागदाच्या प्रती निघाल्या आणि ‘अ’ तुकडीत वाटल्याही गेल्या.

पाच मिनिटांनी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, या शब्दांवर ठिपके कसले आहेत?” मी प्रश्नपत्रिका पाहिली आणि माझ्या पायांखालची जमीनच सरकली. काही मुलींना ठिपक्यांचा अर्थ केव्हाच कळला होता. त्या मुकाट्याने भराभर उत्तरे लिहीत होत्या.

ती चाचणी रद्द करावी लागली. मधल्या सुट्टीत मैत्रिणी त्या मुलीवर रागावल्या. “तू गप्प बसली असतीस, तर सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते!” ती शांतपणे म्हणाली, “मग ते गुण आपले झाले असते की ठिपक्यांचे?”

ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचा पुढचा भाग मी नंतर सांगणार आहे.

यंत्राची भाषा आणि दुभाष्या

संगणकाचे बटण दाबले की सर्वांत आधी कोण जागे होते? यंत्रातल्या एका चिपमध्ये किंवा कार्डात कायमचा साठवलेला एक प्रोग्रॅम जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. तो यंत्राच्या भागांना सुरू करतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमला बोलावतो. ऑपरेटिंग सिस्टिम ही साऱ्या संगणकाची व्यवस्थापक असते. कोणत्या प्रोग्रॅमला किती जागा द्यायची, कोणाचे काम आधी करायचे, हे ती ठरवते.

पण व्यवस्थापकाची भाषा वेगळी आणि यंत्राची भाषा वेगळी. म्हणून दोघांच्या मध्ये दुभाष्या लागतो. या दुभाष्याचे नाव ड्रायव्हर. तुम्ही घरी उर्दूत बोलता, आणि एस.टी.च्या कंडक्टरशी किंवा तहसील कचेरीत मराठीत बोलता. आजीचे म्हणणे मराठीत आणि कचेरीतले उत्तर उर्दूत सांगण्याचे काम तुमच्यापैकी अनेकांनी केले असेल. ड्रायव्हर तेच करतो. जो ड्रायव्हर फर्मवेअरशी बोलतो, त्याला फर्मवेअर ड्रायव्हर म्हणतात.

एक खरे उदाहरण घेऊ. सन २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘रास्पबेरी पाय’ नावाचा छोटा संगणक विक्रीला आला. त्याचा आकार बँकेच्या कार्डाएवढा आहे. मुलांना कमी पैशांत संगणक शिकता यावा, म्हणून तो तयार केला गेला. त्यावर बहुधा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवतात. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने सन १९९१ मध्ये लिनक्सची सुरुवात केली. तिची प्रत्येक ओळ सर्वांना वाचण्यासाठी खुली आहे. जगभरातले हजारो लोक तिच्यात भर घालतात व दुरुस्त्या करतात.

रास्पबेरी पायमध्ये लिनक्स आणि फर्मवेअर एका ‘टपालपेटी’तून बोलतात. हे नाव मी दिलेले नाही, प्रोग्रॅम लिहिणारेच तिला टपालपेटी म्हणतात. ड्रायव्हर एक प्रश्न लिहून पेटीत टाकतो, “घड्याळाचा वेग किती आहे?” फर्मवेअर तो उचलते, त्याच जागेत उत्तर लिहिते आणि काम झाले की नाही याची खूण करून परत देते.

किडा आणि त्याचा शोध

आता विचार करा. ड्रायव्हर नवीन लिहिला आहे. प्रश्न पाठवला, पण उत्तर आले नाही. चूक कोठे झाली? प्रश्न चुकला? पत्ता चुकला? की उत्तर आले, पण ते वाचता आले नाही? संगणक तर काहीच बोलत नाही.

मग प्रोग्रॅम लिहिणारा ठिकठिकाणी संदेश छापणाऱ्या ओळी घालतो. “इथपर्यंत पोहोचलो.” “प्रश्न पेटीत टाकला.” “उत्तर आले, त्याची लांबी शून्य.” हे संदेश वाचत वाचत तो चुकीच्या जागेपर्यंत जातो. अंधाऱ्या बोळात एकेक दिवा लावत पुढे जावे, तसे हे काम आहे.

चूक शोधून काढण्याच्या या कामाला डीबगिंग, म्हणजे किडा काढणे, असे म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क-२’ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची पद्धत मात्र त्याहून जुनी आहे. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही हा शब्द आढळतो.

डीबगिंगसाठी घातलेल्या ओळी म्हणजेच आपले कच्चे टाके.

टाके राहून गेले तर?

तुम्ही विचाराल, चार ओळी जास्त राहिल्या तर काय बिघडते? तीन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट, गर्दी. लिनक्सचे सारे संदेश एका ठरावीक मापाच्या कोठीत जमा होतात. कोठी भरली की जुने संदेश पुसून नवे लिहिले जातात. रास्पबेरी पायला पुरेशी वीज मिळते की नाही, हे लिनक्सचा एक ड्रायव्हर दर २ सेकंदांनी फर्मवेअरला विचारतो. समजा, प्रत्येक वेळी “विचारले” असा एक संदेश छापला गेला, तर एका दिवसात किती संदेश होतील? ८६,४०० सेकंदांना २ ने भागा. उत्तर येते ४३,२००. या गर्दीत “वीज कमी पडते आहे” हा एकच महत्त्वाचा संदेश कोणाला दिसणार? म्हणून तो ड्रायव्हर वीज कमी झाली की एकदा सांगतो, पूर्ववत झाली की एकदा सांगतो आणि एरवी गप्प राहतो. सर्व ठीक चालले असेल, तर चांगल्या ड्रायव्हरने गप्प राहावे, अशी लिनक्सची रीत आहे.

दुसरी गोष्ट, वेळ. संदेश छापायलाही वेळ लागतो. साध्या तारेवरून सेकंदाला सुमारे ११,५२० अक्षरे पाठवता येतात असे धरले, तर ८० अक्षरांच्या एका ओळीला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. आपल्याला हा वेळ नगण्य वाटतो. पण संगणक तेवढ्यात लक्षावधी आज्ञा पाळू शकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ती म्हणजे गुपित फुटणे. माझ्या ठिपक्यांनी उत्तरे फोडली, तसे हे टाके घरातल्या गोष्टी बाहेर सांगतात.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला आणि हजारो संगणक बंद पडण्याच्या बेतास आले. ‘मॉरिस वर्म’ या नावाने तो ओळखला जातो. त्याला आत शिरायला काही वाटा मिळाल्या. त्यांपैकी एक वाट पत्रे पोहोचवणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये होती. तपासणीसाठी ठेवलेला दरवाजा अनेक संगणकांवर उघडाच राहिला होता.

सन २०१७ मध्ये एच.पी. कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये असाच प्रकार उघडकीस आला. आवाजाच्या ड्रायव्हरबरोबर आलेला एक प्रोग्रॅम, माइक बंद करण्याची कळ दाबली जाते का, यावर लक्ष ठेवत असे. त्यासाठी तो प्रत्येक कळ पाहत होता. तपासणीसाठी घातलेला भाग त्यात तसाच राहिला होता. त्यामुळे दाबलेली प्रत्येक कळ एका फाइलमध्ये लिहिली जात होती. ती फाइल त्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या कोणालाही वाचता येत होती. कोणी पत्र लिहिले असेल, कोणी बँकेचा गुप्त शब्द टाकला असेल, ते सारे त्या फाइलमध्ये! ते टाके विकल्या जाणाऱ्या मालात राहायला नको होते, हे कंपनीने मान्य केले आणि दुरुस्ती पाठवली.

लिनक्सलाही हा धडा शिकावा लागला. संदेशांत स्मृतीतील खरे पत्ते छापले जात. घरफोड्याला घराचा नकाशा मिळावा, तसा त्यांचा उपयोग होऊ शकत होता. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीपासून असे पत्ते नेहमीच्या पद्धतीने छापले, तर त्यांच्या जागी बदललेले आकडे येऊ लागले.

सरसकट उसवू नका

मग सर्व ओळी खोडून टाकल्या की काम झाले, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. आता माझ्या गोष्टीचा पुढचा भाग ऐका.

‘अ’ तुकडीची चाचणी रद्द झाली. ‘ब’ तुकडीची चाचणी दुसऱ्या तासाला होती. मी घाईघाईने मूळ कागदावरचे वीसही ठिपके पांढऱ्या शाईने झाकले आणि नव्या प्रती काढल्या. आता सर्व ठीक आहे, असे वाटले. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ‘काळजी’ या शब्दाचा समानार्थी शब्द पर्यायांत नाही.” मी पाहिले. ठिपक्याबरोबर ‘चिंता’ या शब्दावरचा अनुस्वारही झाकला गेला होता. चिंतेची झाली होती चिता! उर्दूत एक नुक्ता इकडचा तिकडे झाला की ‘खुदा’चे ‘जुदा’ होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. मराठीतही तसेच आहे. एक ठिपका काढायचा होता, दुसरा ठेवायचा होता. मी दोन्ही पुसले.

ड्रायव्हरमध्ये हे फार सहज घडते. यंत्राच्या काही जागा अशा असतात की, त्या नुसत्या वाचल्या तरी त्यांतली खूण पुसली जाते. समजा, संदेश छापण्यासाठी कोणी अशी जागा वाचली. संदेश होता तपासणीसाठी, पण त्या वाचण्याने यंत्राचे एक खरे कामही होत होते. आता ती ओळ ‘कच्चा टाका’ म्हणून काढली, तर जुनी खूण तशीच राहते आणि यंत्र पुढे सरकत नाही. टाका दिसायला कच्चा होता, पण बाही त्यावरच लटकली होती!

वेळेचेही तसेच. संदेश छापण्यात ७ मिलिसेकंद जात होते. तेवढ्यात यंत्राला तयार व्हायला अवधी मिळत होता. ओळ काढली आणि ड्रायव्हर घाईने पुढे गेला, तर यंत्र अजून तयारच नसते. मग लोक म्हणतात, “साफसफाईने काम बिघडवले.” खरे तर दोष आधीपासूनच होता. तो त्या ओळीने झाकला गेला होता, एवढेच. अशा वेळी ती ओळ परत घालून गप्प बसू नये. यंत्र तयार आहे का, हे विचारणारी योग्य आज्ञा लिहावी.

मग साफसफाई कशी करावी?

जाणते लोक हे काम पुढील क्रमाने करतात.

आधी ते ओळीचा इतिहास पाहतात. ही ओळ कोणी, केव्हा, कशासाठी घातली? लिनक्समधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्यासाठी सन २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ नावाचे साधन तयार केले. त्यात बदल करणाऱ्याने लिहिलेले कारणही सापडते.

मग ते ओळींचे तीन ढीग करतात. पहिला ढीग काढून टाकण्याचा. “इथपर्यंत पोहोचलो” यासारखे संदेश, तसेच ‘पुढे लागेल’ म्हणून झाकून ठेवलेल्या जुन्या ओळी यांत जातात. जुने सर्व गिटच्या इतिहासात असतेच. ते चालू प्रोग्रॅममध्ये साठवायचे कारण नाही.

दुसरा ढीग ठेवण्याचा. रास्पबेरी पायचा फर्मवेअर ड्रायव्हर सुरू होताना, आपण कोणत्या तारखेच्या फर्मवेअरशी जोडलो गेलो, हे एका ओळीत सांगतो. एखादी विनंती फसली, तर विनंतीचा क्रमांक आणि मिळालेले उत्तर छापतो. उद्या दूरच्या गावात कोणाचा संगणक अडला, तर या दोन ओळींवरून दोष शोधता येईल. त्या कच्चे टाके नाहीत, त्या पक्क्या शिलाईचाच भाग आहेत.

तिसरा ढीग रूप बदलण्याचा. लिनक्समध्ये संदेशांच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत. ० म्हणजे मोठे संकट, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे माहिती आणि ७ म्हणजे फक्त तपासणीसाठी. उपयोगी, पण रोज न लागणारा संदेश सातव्या पायरीवर ठेवतात. तो एरवी मुका असतो. गरज पडेल तेव्हा तेवढीच ओळ बोलती करता येते. घरातली शिडी आपण फेकून देत नाही, पण ती दारातही उभी ठेवत नाही. कोपऱ्यात आडवी ठेवतो.

एवढे झाल्यावर ड्रायव्हर खऱ्या यंत्रावर चालवून पाहतात. संदेश मुके असताना आणि बोलते असताना, दोन्ही प्रकारे पाहतात. शेवटी आपला बदल सर्वांसमोर ठेवतात. अशा बदलाला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. एका ठिगळात एकच काम करायचे, असा नियम आहे. साफसफाईच्या ठिगळात नवी सोय घुसडायची नाही, कारण मग काही बिघडले तर ते कशामुळे बिघडले हे कळत नाही. ठिगळाबरोबर ‘मी काय केले आणि का केले’ हे लिहावे लागते. खाली स्वतःचे नाव घालून जबाबदारी घ्यावी लागते. मग दुसरे लोक ते वाचतात, प्रश्न विचारतात, चुका दाखवतात. यात अपमान मानायचा नसतो.

काम संपले केव्हा म्हणावे?

मुलांनो, नवीन ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे सर्वजण कौतुक करतात. नको असलेल्या पन्नास ओळी काढणाऱ्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याने केलेले काम डोळ्यांना दिसतच नाही. पण अंगात घातलेला कपडा टोचत नाही, तेव्हा टाके काढणाऱ्या हाताचीही त्यात मेहनत असते.

गणित सुटले म्हणजे काम संपले, असे आपल्याला वाटते. तसे नाही. आपल्या खुणांचा पुढच्या माणसाला त्रास होणार नाही आणि त्याला लागणारी खूण मात्र त्याला सापडेल, अशी व्यवस्था केली म्हणजे काम संपले.

त्या चाचणीनंतर मी एक सवय लावून घेतली आहे. प्रश्नपत्रिका तयार झाली की, ती मी शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिकेला वाचायला देते. त्या रोज काही ना काही चूक काढतात. आणि पहिल्या बाकावरच्या त्या मुलीची आठवण काढल्याशिवाय मी प्रती काढायला जात नाही. तिने त्या दिवशी हात वर केला नसता, तर माझी चूक मला कळलीच नसती.

शब्दार्थ

दुभाष्या – एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत सांगणारा
बेतणे – मापाप्रमाणे कापड कापणे
उसवणे – शिवण सुटी करणे
गिऱ्हाईक – विकत घेणारा किंवा काम करून घेणारा माणूस
पर्याय – एकाऐवजी निवडता येईल असे दुसरे
मुकाट्याने – काही न बोलता
कोठी – सामान साठवण्याची जागा
नगण्य – मोजण्यासारखे नाही इतके थोडे
सरसकट – निवड न करता सर्व एकदम
अवधी – मधला वेळ
जाणता – अनुभवी, समजदार
ठिगळ – फाटक्या जागी लावलेला कापडाचा तुकडा

वाक्प्रचार

पायांखालची जमीन सरकणे – एकदम घाबरून जाणे
उघडकीस येणे – लपलेली गोष्ट सर्वांना कळणे
गुपित फुटणे – लपवलेली गोष्ट बाहेर पडणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) शिंपी कच्चे टाके कशासाठी घालतो?
(२) यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये दुभाष्याचे काम कोण करतो?
(३) ‘मार्क-२’ या संगणकात काय सापडले?
(४) लिनक्समध्ये संदेशांच्या किती पायऱ्या आहेत?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) तपासणीच्या ओळी तशाच राहिल्या, तर कोणत्या तीन गोष्टी बिघडतात?
(२) ‘चिंतेची झाली होती चिता’ असे लेखिका का म्हणते?
(३) साफसफाईच्या ठिगळात नवी सोय का घुसडू नये?

प्र. ३. कारणे लिहा.
(१) ‘अ’ तुकडीची चाचणी रद्द करावी लागली.
(२) वीज तपासणारा ड्रायव्हर एरवी गप्प राहतो.
(३) एखादी ओळ काढल्यावर लपलेला दोष बाहेर येतो.

प्र. ४. पुढील संदेश कोणत्या ढिगात ठेवाल? काढण्याच्या, ठेवण्याच्या की रूप बदलण्याच्या? कारण सांगा.
(१) “येथे आलो, येथे आलो.”
(२) “विनंती क्रमांक १२ फसली.”
(३) “घड्याळाचा वेग विचारला, उत्तर मिळाले.”

प्र. ५. तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.
पहिल्या बाकावरच्या मुलीच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?

भाषाभ्यास

(अ) ‘काढणे’ या क्रियापदाचे अर्थ शब्दाबरोबर बदलतात. पाहा : टाके काढणे, प्रती काढणे, चूक काढणे, आठवण काढणे. प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा. यांपैकी कोणत्या ठिकाणी उर्दूत ‘निकालना’ चालेल आणि कोणत्या ठिकाणी दुसरे क्रियापद लागेल, ते वर्गात सांगा.

(आ) उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. तो टाका, ती ओळ, ते यंत्र. पाठातून प्रत्येक लिंगाची पाच नामे शोधून तक्ता तयार करा.

(इ) दुरुस्ती, कागद हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. त्यांच्या उच्चारात काही फरक आहे का, ते पाहा.

उपक्रम

तुमच्या गावातील शिंपी, गवंडी किंवा सुतार यांपैकी एकाला भेटा. काम चालू असताना तो कोणत्या तात्पुरत्या खुणा किंवा आधार वापरतो, ते केव्हा काढतो आणि लवकर काढले तर काय होते, हे त्याला विचारा. मिळालेली माहिती मराठीत दहा ओळींत लिहा. लिहून झाल्यावर वही शेजाऱ्याला वाचायला द्या आणि त्याने काढलेल्या चुका दुरुस्त करा.